रान कडक झालंय? सबसॉयलर ओढण्याआधी आणि ओढल्यानंतर

उसाला पाणी दिलं की दोन दिवस सरीत तुंबून राहतं, आणि आठवडा उलटायच्या आत पात सुकायला लागते. एकाच रानात पाणी जास्त झाल्याची आणि कमी पडल्याची अशी दोन्ही लक्षणं दिसली, की खाली काहीतरी अडलंय असं समजावं. बहुतेक वेळा वीतभर ते दीड फुटाच्या दरम्यान एक घट्ट थर बसलेला असतो. पाणी त्याच्यावर थांबतं, मुळंही त्याच्यावरच थांबतात. मग पिकाला खायला-प्यायला वरची आठ-दहा इंच मातीच उरते.

हा थर फोडायचं औजार म्हणजे सबसॉयलर. पलटी नांगर माती उलथून टाकतो, सबसॉयलर उलथत नाही. एक उभा जाड पाय, त्याच्या टोकाला फाळ. तो दीड-दोन फूट खालून जातो, माती किंचित उचलतो आणि जागच्या जागी तडकवतो. वरची माती वरच राहते, खालची खालीच. हे काम नीट झालं तर रान वर्षानुवर्षं साथ देतं. चुकलं तर डिझेल जातं आणि रान आधीपेक्षा बिघडतं. माझा अनुभव सांगली-कोल्हापूरकडच्या काळ्या ऊसरानांचा आहे, म्हणून उदाहरणं तिकडची येतील. शेतीत नव्यानं पाऊल टाकणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

थर येतो कुठून

दरवर्षी एकाच खोलीवर नांगरट केली की नांगराच्या तळाखालची माती दाबली जाते. त्यात पलटी नांगर ओढताना ट्रॅक्टरचं एका बाजूचं चाक उघड्या तासात (नांगरानं पाडलेल्या चरात) चालतं, म्हणजे चाकाचा दाब थेट आठ-नऊ इंच खाली पोचतो. रोटाव्हेटर वरची चार-पाच इंच माती पिठासारखी करतो आणि त्याच्या पात्यांखाली गुळगुळीत पापुद्रा बसवतो. वरून रान भुसभुशीत दिसतं, त्यामुळे हा पापुद्रा लक्षातच येत नाही.

सगळ्यात मोठा मार मात्र ऊसवाहतुकीचा. हंगामात भरलेली ट्रॉली रानात उतरते, त्यात शेवटचं पाणी उशिरा दिलेलं असतं किंवा अवकाळी पडून गेलेला असतो. चाकावरचं वजन जितकं जास्त तितका दाब खोल जातो, आणि माती जितकी ओली तितकी ती निमूट दबते. एकाच चाकोरीतून दहा फेऱ्या झाल्या तरी बरंचसं नुकसान पहिल्याच फेरीत होऊन गेलेलं असतं. म्हणून ट्रॉली 'एकदाच जरा आत घेतो' म्हणणाऱ्याला मी तरी नाही म्हणतो.

पहिली पायरी: खड्डा

शेजाऱ्यानं सबसॉयलर मारला म्हणून आपणही मारावा, हे टाळा. आधी खड्डा खणा. खड्डा खणायला अर्धा दिवस जातो, आणि पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात.

तीन जागा निवडा. एक रानाच्या मध्यावर. दुसरी कडेला, जिथे ट्रॅक्टर-ट्रॉली वळते तिथे. तिसरी बांधालगत, जिथे कधीच चाक गेलेलं नाही. ही तिसरी जागा फार महत्त्वाची आहे, कारण तुमची माती मुळात कशी होती हे तीच दाखवते. प्रत्येक ठिकाणी दोन ते अडीच फूट खोल आणि आत बसून बघता येईल एवढा रुंद खड्डा घ्या. कुदळीनं गुळगुळीत झालेली एक भिंत चाकूच्या टोकानं उकरून मोकळी करा, म्हणजे मातीची खरी ठेवण दिसेल.

आता वरून खाली दर दोन इंचांवर चाकू खुपसत या. एका ठिकाणी तो अचानक अडेल, आणि आणखी खाली गेल्यावर पुन्हा सहज जाईल. अडायला लागला ती खोली आणि पुन्हा सुटला ती खोली, दोन्ही टेपनं मोजून वहीत लिहा. घट्ट थरातली माती कणीदार नसते. ती आडव्या पाटीसारख्या तुकड्यांत निघते किंवा एकसंध गोळ्यात. मुळंही बघा. कापसाचं किंवा तुरीचं सोटमूळ सरळ खाली जाता जाता काटकोनात वळलेलं दिसलं, उसाची मुळं एका पातळीवर चटईसारखी पसरलेली दिसली, तर थराची जागा त्यांनी आधीच दाखवून दिलेली असते.

खड्डे तीनच असतात, रान मोठं असतं. म्हणून दहा मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या, टोक घासून निमुळतं करा, वर आडवी मूठ जोडून घ्या आणि रानभर पंधरा-वीस ठिकाणी ती हातानं दाबून बघा. हे काम रानात चांगली ओल असताना करायचं. सुकलेल्या काळ्या मातीत सळई सगळीकडेच अडते आणि सगळं रान खराब आहे असा गैरसमज होतो. पुष्कळदा असं निघतं की दुखणं फक्त वळणाच्या पट्ट्यात आणि ट्रॉलीच्या वाटेवर आहे. मग सबसॉयलर तेवढ्यातच चालवायचा. सगळं रान फोडायची गरज नसते.

सबसॉयलरनं बरं न होणारं दुखणं

इथे घाई नको, कारण पैसे वाया जातात ते बहुधा इथेच.

खड्डा आणखी खोल नेल्यावर तीन-चार फुटांवर पाणी लागलं तर अडचण घट्ट थराची नाही, निचऱ्याची आहे. कृष्णाकाठची आणि नीरेच्या कालव्याखालची अनेक रानं अशीच पाणथळ आणि क्षारपड झाली. तिथे पाण्याला बाहेर जायला वाट हवी: उघडा चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाईपची निचरा प्रणाली. ती नसताना सबसॉयलर मारलात तर पाणी साठायला आणखी जागा तयार होते, एवढंच.

चोपण जमीन हे दुसरं दुखणं. तिच्यात सोडियम जास्त असतो, त्यामुळे पाणी लागलं की मातीचे कण सुटे होतात आणि केलेल्या भेगा लिंपल्या जातात. घरच्या घरी बघायचं तर वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये, न हलवता ठेवा. काही तासांनी त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला तर संशय घ्यावा आणि माती परीक्षण करून घ्यावं. सामू (pH) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. तिथे निचरा आणि परीक्षणानुसार जिप्सम आधी, सबसॉयलर त्यांच्या सोबतीला. एकटा सबसॉयलर एका पावसाळ्यापुरताच टिकतो.

तिसरं रान असतं उथळ. फुटा-सव्वा फुटावर मुरूम किंवा चुनखडीचा थर लागतो. तिथे मी नवख्या माणसाला थांबायलाच सांगेन. फाळ झिजतो, चुनखडीचे गोटे वर येतात, आणि हाती लागतं थोडंच.

आणि एक गोष्ट काळ्या मातीच्या बाजूनं सांगायलाच हवी. खोल काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही तिची स्वतःची नांगरट आहे. थर फार जाड नसेल आणि एक उन्हाळा रान मोकळं सोडता येत असेल, तर आधी करडई किंवा हरभऱ्यासारखं खालची ओल ओढून घेणारं पीक घ्या आणि मग रान चांगलं तापू द्या. कधीकधी एवढ्यावरच भागतं.

ओल: सगळं काम हिच्यावर अवलंबून

पेरणीला वापसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल, लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. सबसॉयलरला वापशापेक्षा कोरडं रान लागतं, आणि तेही वर नाही, खाली, जिथे फाळ चालणार आहे त्या खोलीवर. नेमकं हेच नवख्यांकडून चुकतं. वरची माती वाळून पांढुरकी दिसते, पण फूट-दीड फुटावर ती अजून मऊ असते. अशा मातीत फाळ गेला की माती तडकत नाही, दबून बाजूला सरकते. ओल्या मातीत काठी खुपसून काढावी तशी चीर राहते आणि चिरेच्या कडा चकचकीत लिंपल्या जातात.

मी हे स्वतः केलेलं आहे. एका वर्षी लागणीची घाई होती, शेवटचं पाणी देऊन पंधराच दिवस झाले होते आणि वरून रान वाळलेलं दिसत होतं. दिवसभर सबसॉयलर ओढला. ट्रॅक्टर सहज चालत होता, म्हणून काम छान होतंय असं वाटलं. पावसाळ्यात बघितलं तर चिरांमध्ये पाणी उभं, आणि दोन चिरांच्या मधली माती होती तशीच घट्ट. तेव्हापासून ट्रॅक्टर फारच हलका चालला की मी थांबतो आणि खाली उकरून बघतो.

परीक्षा सोपी आहे. फाळ जाणार त्या खोलीवरची मूठभर माती काढा. तळहातावर वळून तिची बारीक वळी करा, साधारण तीन मिलिमीटर जाडीची, काडेपेटीतल्या काडीपेक्षा किंचित जाड. वळी न तुटता होत असेल तर माती अजून ओली आहे, थांबा. त्या जाडीला यायच्या आतच ती भुगा होऊन तुटत असेल तर काम करा.

दुसरं टोकही असतं. मे महिन्यात काळं रान दगड झालं की पाय आत शिरत नाही, चाकं जागेवर फिरतात आणि शिरलाच तर पाटीएवढी ढेकळं वर येतात. साधारणपणे रब्बी निघाल्यावर मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, किंवा खोडवा-निडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर घेतलेलं पुढचं पीक) मोडल्यावर, योग्य ओल सापडते. उसाचं पाणी तोडणीच्या आधी तीन-चार आठवडे तोडलेलं असेल तर पिकानंच खालची माती सुकवलेली असते. तारीख ठरवून हे काम करू नका. मातीची वळी बघून करा.

खाली काय पुरलंय

ट्रॅक्टर बोलावण्याच्या आदल्या दिवशी रानातून फिरा आणि जमिनीखालच्या गोष्टींवर खुणा करा. उपसा योजनेची पाईपलाईन, विहिरीवरून येणारी स्वतःची लाईन, ठिबकची मेन आणि सबमेन, बोअरच्या मोटरची केबल. यातलं बरंच काही दीड ते तीन फुटांत असतं, म्हणजे सबसॉयलरच्या वाटेतच. कुठून काय गेलंय हे वडीलधाऱ्यांना, आधीच्या कसणाऱ्याला, बांधाशेजारच्याला विचारा. चुन्याची फक्की मारा किंवा खुंट्या रोवा, आणि लाईनच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडून द्या. लाईन सामाईक असेल तर फुटल्यावर तुमच्या एकट्याचं नुकसान होत नाही, खालच्या सगळ्यांची पाळी चुकते. केबलच्या बाबतीत तर जिवाशी गाठ आहे. तिचा मेन स्विच काढून ठेवा.

ट्रॅक्टर आणि औजार

काळ्या रानात दीड फुटावर एक पाय ओढायला साधारण ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. दोन पायांचं औजार त्याच्यामागे लावायचा मोह टाळा. दोन-चार एकरांसाठी औजार विकत घेऊ नये असं माझं मत आहे. भाड्यानं घ्या, गावातल्या अवजार बँकेत, म्हणजे औजारं भाड्यानं देणाऱ्या केंद्रात, विचारा. पुढे घ्यायचंच ठरलं तर अनुदानाचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करता येतो.

भाड्याचं औजार आलं की आधी फाळ बघा. टोक झिजून गोल झालं असेल तर तो माती उचलत नाही, दाबत जातो, आणि डिझेलही जास्त खातो. फाळाची रुंदी मोजा. प्रत्येक फाळाला खोलीची एक मर्यादा असते, ढोबळमानानं त्याच्या रुंदीच्या सहापट. तीन इंची फाळ असेल तर अठरा इंचांच्या आसपास. त्याखाली गेलात तर माती वर उचलली जात नाही, नुसती बाजूला दाबली जाते. म्हणजे जास्त खोल गेलं की काम जास्त चांगलं, हे खरं नाही. फाळाला दोन्ही बाजूंनी पंख असतील तर उत्तम. ताकद थोडी जास्त लागते, पण माती कितीतरी जास्त रुंदीवर सुटते.

खोली ठरते तुमच्या वहीतल्या आकड्यावरून. थर चौदा इंचांवर संपत असेल तर फाळ पंधरा-सोळा इंचांवर चालवा, थराच्या तळाखाली एक-दोन इंच. सरसकट दोन फूट मारायचं काही कारण नाही.

दोन तासांमधलं, म्हणजे फाळाच्या दोन ओळींमधलं, अंतर खोलीइतकं ते खोलीच्या दीडपट ठेवलं तर मधली मातीही सुटते. दीड फूट खोलीला दीड ते सव्वादोन फूट. उसात मात्र अनेक जण चार किंवा पाच फुटांवर, सरीच्या ओळीतच ओढतात, म्हणजे कांडी नेमकी फोडलेल्या मातीवर पडते. यात खर्च कमी आणि हेतू सफल. हिशेब असा: एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार फुटांवर ओढलं तर ट्रॅक्टर सुमारे ३.३ किलोमीटर चालतो, दोन फुटांवर ओढलं तर ६.६. ताशी चार किलोमीटरच्या वेगानं पहिल्यात पाऊण तासाच्या वर, दुसऱ्यात पावणेदोन तासांच्या आसपास, आणि वळणांचा वेळ वेगळा. भाडं ठरवताना हे गणित हाताशी असू द्या.

प्रत्यक्ष ओढताना

रान आधी खोल नांगरू नका. न नांगरलेल्या जमिनीवर चाकांना पकड मिळते. पाचट किंवा धसकटं फार असतील तर तेवढी बारीक करून घ्या, म्हणजे पायात अडकणार नाहीत.

औजार तीन-बिंदू जोडणीवर नीट बसवा. जमिनीत शिरल्यावर मागून बघितलं तर पाय उभा दिसला पाहिजे, बाजूनं बघितलं तर फ्रेम जमिनीला समांतर. टॉप लिंक आखूड केली की फाळाचं नाक खाली जातं, लांब केली की वर येतं. ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला वजनं लावा, कारण ओढ बसली की तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं होतं.

चालत्या ट्रॅक्टरवरच औजार हळूहळू खाली सोडा. उभ्या ट्रॅक्टरवर पाय जमिनीत जात नाही. गिअर खालचा, वेग ताशी तीन ते पाच किलोमीटर. हायड्रॉलिक ड्राफ्ट कंट्रोलवर (ओढ वाढली की औजार उचलणाऱ्या सेटिंगवर) असेल तर कडक जागी ते औजार आपोआप उचलतं, आणि नेमकी तीच जागा फोडायची असते. म्हणून मागे वळून खोलीवर लक्ष ठेवा.

चाक किती घसरतंय ते एकदा मोजाच. मागच्या टायरवर खडूची खूण करा. औजार वर उचलून टायरचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा, समजा ४० मीटर भरलं. आता औजार जमिनीत ठेवून दहा फेरे मोजा. ३४ मीटर भरलं तर घसर १५ टक्के, चालेल. ३२ च्या खाली आलं तर खोली कमी करा किंवा मागे वजन वाढवा. नाहीतर फोडलेल्यापेक्षा जास्त माती टायरच दाबतील.

तीन ओळी ओढून झाल्या की ट्रॅक्टर थांबवा. हे चालकाला आवडत नाही, तरी थांबवा. कुदळ घेऊन तासाच्या आडवं खणा. पायाच्या दोन्ही बाजूंना भेगा तिरक्या वर चढत गेल्या असतील, उघडलेल्या पंख्यासारख्या, आणि वरची जमीन इंच-दोन इंच उचललेली दिसत असेल, तर पुढे चला. नुसती उभी चीर दिसली तर एक तर माती ओली आहे किंवा खोली जास्त झालीय. त्या दिवशी काम बंद केलंत तरी बिघडत नाही.

उताराच्या रानात तास उताराला आडवे घ्या. उभे घेतले तर पावसात तेच ओघळ होतात. पाणथळ रानात उलट, तासांची तोंडं चराकडे न्या.

जिवाच्या गोष्टी थोडक्यात, पण एकही सोडू नका. पाय जमिनीत असताना वळायचं नाही आणि मागेही घ्यायचं नाही, आधी उचला. ओढ नेहमी खालच्या लिंकांवरच असावी. वर कुठे साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर मागे उलटतो. औजार आत शिरत नाही म्हणून त्याच्यावर पोराला उभं करतात, हे कधीही होऊ देऊ नका. दगडात पाय अडकून शिअर बोल्ट तुटला तर तसाच बोल्ट घाला, जास्त कडक घालू नका. त्यानं तुटायचं असतं, म्हणून बाकीचं औजार वाचतं. खाली वाकून काही बघायचं तर इंजिन बंद करून, औजार टेकवून.

नंतरचे सहा महिने

फोडलेली माती नाजूक असते. पहिल्या वर्षी तिच्यावर जे चाक जाईल ते तिला आधीपेक्षा खोल दाबू शकतं. म्हणून सबसॉयलरनंतर पुन्हा पलटी नांगर मारून तासात चाक चालवणं मला पटत नाही. एक-दोन वळवाचे पाऊस पडू द्या, ढेकळं विरघळतील, मग कुळवाची हलकी पाळी पुरे. रोटाव्हेटर लागलाच तर एकदाच.

लागणीआधी वेळ असेल तर ताग किंवा धैंचा पेरा, तागाचं बी एकरी वीस-पंचवीस किलो. दीड महिन्यांत फुलावर आला की गाडा. यंत्रानं पडलेल्या भेगा उघड्या ठेवण्याचं काम मुळंच करतात. यंत्र एकदाच येऊन जातं, मुळं महिनोन्‌महिने खाली असतात. शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी), न जाळलेलं पाचट, जे मिळेल ते रानाला द्या. पहिलं पाणी हलकं द्या. एकदम भरपूर पाट सोडला तर सुटी माती खाली बसते.

आणि ट्रॉलीची वाट ठरवा. पाच फुटी सरी असेल तर चाकं सरीतून जातात आणि उसाची ओळ वाचते. भरलेली ट्रॉली रानाच्या एकाच कडेनं, एकाच वाटेवरून बाहेर काढा. ती वाट दबली तरी चालेल, बाकीचं रान सुटं राहतं. ऊसतोडणीच्या टोळीशी हे बोलणं तोडणी सुरू व्हायच्या आधी करा. ट्रॉली आत आल्यावर कुणी ऐकत नाही.

पुन्हा सबसॉयलर कधी? तीन-चार वर्षांनी, ऊस मोडला की, असा आमच्याकडे सर्वसाधारण अंदाज आहे. पण अंदाजावर जाऊ नका. पीक कमरेएवढं झालं की जुन्या खड्ड्यांच्या शेजारीच नवे खणा आणि तीच वही उघडून चाकू अडायची खोली पुन्हा लिहा. तासाच्या भेगेतून पांढरी मुळं पंधरा इंचांच्या खाली उतरलेली दिसली, तर पुढची दोन वर्षं ट्रॅक्टरला त्या रानात कमीत कमी वेळा पाठवा.